गोळा, कडे आणि बोल्टाचे भोक

विज्ञानाच्या पाठ्यपुस्तकात ‘उष्णतेमुळे होणारे प्रसरण’ हा भाग कोणत्या ना कोणत्या इयत्तेत हमखास असतो. पुस्तके बदलतात, चित्रे रंगीत होतात, पण या धड्याचा साचा सहसा बदलत नाही. आधी गोळा व कडे यांचा प्रयोग, मग रुळांमधली फट, विजेच्या तारांना दिलेला झोल, बैलगाडीच्या चाकाची धाव, बरणीचे घट्ट बसलेले झाकण आणि शेवटी प्रसरणांकाचे सूत्र व त्यावरची दोन-तीन गणिते. शिकवायला हा धडा सोपा आहे. मुलांना तो आवडतो आणि परीक्षेत त्यावर गुणही मिळतात. तरीही हा धडा उत्तम गुणांनी पार केलेल्या मुलाला एखादी पट्टी भिंतीवर चार बोल्टांनी बसवायला सांगितली, तर या ज्ञानाचा त्याला तेथे काही उपयोग होत नाही. दोष मुलाचा नाही. धडा जेथे थांबतो, तेथून पुढे खरा प्रश्न सुरू होतो. हा पुढचा भाग कोणता आणि तो शाळेच्या पातळीवर आणता येईल का, हे या लेखात तपासायचे आहे.

सुरुवात गोळ्या-कड्यापासूनच करू. डच शास्त्रज्ञ विलेम स्ग्रावेसांड (१६८८ ते १७४२) याच्या नावाने हा प्रयोग ओळखला जातो. थंड असताना पितळी गोळा कड्यातून जेमतेम जातो, तापवल्यावर जात नाही. येथपर्यंत सर्व ठीक. चांगले शिक्षक पुढे विचारतात, “गोळ्याऐवजी कडेच तापवले तर?” बरीच मुले म्हणतात, धातू चारी बाजूंनी फुगेल, आतल्या बाजूलाही फुगेल, म्हणून भोक लहान होईल. उत्तर चुकीचे असले तरी विचार निर्बुद्ध नाही, कारण पाण्यात भिजलेल्या कणकेच्या कड्याबद्दल असेच काहीसे वाटावे. मग कडे तापवून गोळा पार जातो हे दाखवले, की मुले चकित होतात. भोकही धातूइतकेच वाढते, हे त्यांना कळते.

समजावून सांगण्याची सोपी रीत म्हणजे छायाचित्राची. कड्याचे छायाचित्र मोठे करून छापले, तर कडे मोठे होईल आणि भोकही त्याच प्रमाणात मोठे होईल. एकसारख्या तापलेल्या पत्र्यावरील कोणतेही दोन बिंदू घ्या, त्यांच्यामधील अंतर एकाच प्रमाणात वाढते. मग ते दोन बिंदू एकाच भोकाच्या समोरासमोरच्या काठांवर असोत, नाही तर पट्टीच्या दोन टोकांना असोत.

या शेवटच्या वाक्यातला दुसरा भाग धड्यात राहून जातो. भोक मोठे होते यावर आपण इतका भर देतो, की भोक आपली जागाही सोडते, हे सांगायचे राहते. प्रत्यक्षात यातले महत्त्वाचे कोणते, ते आकड्यांनीच पाहू. लोखंडी पट्टीत १८ मि.मी. व्यासाचे भोक आहे. पोलादाचा प्रसरणांक दर अंश सेल्सिअसला सुमारे दहा लाखांत १२. तापमान ५० अंशांनी वाढले तर भोकाचा व्यास वाढेल १८ गुणिले १२ गुणिले ५०, भागिले दहा लाख, म्हणजे जवळजवळ ०.०११ मि.मी. एका मिलिमीटरचा शंभरावा हिस्सा! बोल्ट व भोक यांच्यामध्ये मुळातच मिलिमीटर-दोन मिलिमीटरची मोकळीक ठेवलेली असते, तिच्यापुढे हा आकडा काहीच नाही. शिवाय बोल्ट पोलादी असेल आणि तोही तितकाच तापला, तर तो त्याच प्रमाणात जाड होतो.

आता त्याच पट्टीत सहा मीटर अंतरावर दुसरे भोक आहे असे समजा. तेच सूत्र, तेच तापमान. दोन भोकांमधील अंतर ३.६ मि.मी.ने वाढेल. पहिल्या भोकात बोल्ट घट्ट असेल, तर दुसरे भोक आपल्या बोल्टापासून साडेतीन मिलिमीटरहून अधिक दूर जाऊ पाहील. एकाच नियमातून निघालेल्या या दोन आकड्यांत सुमारे सव्वातीनशे पटींचा फरक आहे. पाठ्यपुस्तक ज्याचे कौतुक करते ती गोष्ट नगण्य ठरते आणि ज्याबद्दल ते गप्प आहे ती पट्टी वाकवते. गोळ्या-कड्याचा प्रयोग वगळावा असे मी म्हणणार नाही. पण कड्यानंतर लगेच फळ्यावर दोन भोकांची लांब पट्टी काढावी, एवढी अपेक्षा रास्त आहे.

सूत्रावरची गणितेही याच कारणाने निर्जीव वाटतात. तांब्याची एक मीटर लांबीची सळई शून्य अंशापासून शंभर अंशांपर्यंत तापवली, तर लांबी किती वाढेल? उत्तर ०.००१७ मीटर. मुलगा ते अधोरेखित करतो आणि पुढच्या गणिताकडे वळतो. ही सळई कोठे आहे, कशाला टेकली आहे, वाढलेले पावणेदोन मिलिमीटर कोठे गेले, हे कोणी विचारत नाही. सळई जणू अवकाशात लोंबकळत आहे. घरातली, शाळेतली, पुलावरची सळई मात्र कशाला तरी बांधलेली असते आणि ज्याला ती बांधलेली आहे तेही आपल्या गतीने वाढत असते.

एक उदाहरण नीट करून पाहू. शाळेच्या गच्चीच्या काठावर नामफलक लावण्यासाठी सहा मीटर लांबीचा अॅल्युमिनियमचा चॅनेल काँक्रीटच्या तुळईवर बसवायचा आहे. हिवाळ्यातल्या पहाटे धातूचे तापमान १० अंश आणि मे महिन्यातल्या दुपारच्या उन्हात ६० अंश धरू. उन्हातला धातू हवेपेक्षा बराच अधिक तापतो, म्हणून हा आकडा अवास्तव नाही. अॅल्युमिनियमचा प्रसरणांक दहा लाखांत २३, म्हणजे पोलादाच्या जवळजवळ दुप्पट. ५० अंशांत चॅनेल ६.९ मि.मी. वाढेल. खालचे काँक्रीटही तापते, पण ते जाड असल्यामुळे त्याच्या तापमानातला चढउतार कमी, समजा २५ अंश. काँक्रीटचा प्रसरणांक आतल्या खडीनुसार बदलतो, तो साधारण १० धरला तर तुळई १.५ मि.मी. वाढेल. आपल्याला हवा आहे या दोहोंमधला फरक, ५.४ मि.मी. केवळ चॅनेलची वाढ धरणे ही विद्यार्थ्यांची नेहमीची चूक. बोल्ट काँक्रीटमध्ये रुतलेले आहेत, तेव्हा काँक्रीट सरकले की तेही सरकतात.

या ५.४ मि.मी.चे काय करायचे? कारागिरांची जुनी रीत अशी: एकच बोल्ट पक्का करायचा, बाकीच्या भोकांना सरकायला वाव ठेवायचा. म्हणजे त्या भोकांचा आकार गोल न ठेवता पट्टीच्या लांबीच्या दिशेने लांबट करायचा. कारखान्यात याला ‘स्लॉट’ म्हणतात. पक्का बोल्ट एका टोकाला घेतला तर सगळी ५.४ मि.मी. दुसऱ्या टोकाला जमा होतात. तो मधोमध घेतला तर प्रत्येक टोकाच्या वाट्याला २.७ मि.मी. येतात. एवढ्या साध्या निवडीने काम निम्म्यावर येते. मधल्या भोकांचे स्लॉट त्याच प्रमाणात लहान ठेवले तरी चालतात, पण एकाच मापाचे पाडणे सोयीचे.

आता एक प्रश्न वर्गात अवश्य विचारावा. हा चॅनेल तुम्ही मे महिन्यात भर दुपारी बसवत आहात. टोकाच्या स्लॉटमध्ये बोल्ट कोठे असावा, मधोमध, मधल्या पक्क्या बोल्टाच्या बाजूला, की बाहेरच्या बाजूला? मुलांना थोडा वेळ द्या. मे महिन्यातल्या दुपारी चॅनेल सर्वांत लांब झालेला असतो, म्हणजे स्लॉट आपल्या बाहेरच्या मर्यादेला पोचलेला असतो. यापुढे तो आतच येणार. बोल्ट जागचा हलत नाही. म्हणून आज बोल्ट स्लॉटच्या आतल्या टोकाशी, पक्क्या बोल्टाच्या बाजूला असायला हवा. पुढे थंडीत स्लॉट आत सरकेल आणि बोल्ट त्याच्या बाहेरच्या टोकाशी आलेला दिसेल. जानेवारीतल्या पहाटे बसवणार असाल तर नेमके उलट. ज्यांना हा विचार करत बसायचा नाही त्यांनी बोल्ट मधोमध ठेवावा आणि स्लॉटच थोडा मोठा घ्यावा. बोल्ट १२ मि.मी.चा, दोन्ही बाजूंना २.७ मि.मी. वाव, मिळून १७.४, त्यात भोके पाडताना होणाऱ्या चुकांसाठी दोन-अडीच मिलिमीटर, म्हणजे २० मि.मी. लांबीचा स्लॉट कोणत्याही ऋतूत चालेल. सातवी-आठवीच्या गणितापलीकडचे यात काही नाही. तरीही तापमान, संदर्भबिंदू आणि सापेक्ष विस्थापन या तिन्ही कल्पना एका भोकात येऊन बसतात.

समजा, कोणी स्लॉट न पाडता सगळी भोके गोल ठेवली. १२ मि.मी.च्या बोल्टासाठी बांधकाम संहितेप्रमाणे भोक १३ मि.मी.चे असते. ही एक मिलिमीटरची मोकळीक भोके एकमेकांसमोर यावीत, बोल्ट घालता यावा, यासाठी असते. प्रसरणासाठी ती ठेवलेली नाही. ती सगळी प्रसरणाच्या कामी आली असे उदारपणे धरले, तरी दोन टोकांना मिळून एक मिलिमीटर सुटते आणि चार मिलिमीटरहून जास्त शिल्लक राहतात. केवळ दोन टोकेच बांधलेली असतील तर चॅनेल मध्ये वाकून उचलला जाईल. किती, ते पायथागोरसला विचारा. अर्धी लांबी ३००० मि.मी., ती आता झाली ३००२. कर्ण ३००२, पाया ३०००, तर उंची सुमारे ११० मि.मी. येते. चार मिलिमीटरच्या वाढीसाठी अकरा सेंटिमीटरचा उंचवटा! (प्रत्यक्षात चॅनेल असा कोनात मोडत नाही, गोलाईने वाकतो. त्यामुळे उंचवटा थोडा कमी, साडेनऊ सेंटिमीटरच्या आसपास येतो.) प्रसरण डोळ्यांना दिसत नाही अशी तक्रार करणाऱ्या शिक्षकांनी हे गणित फळ्यावर करून दाखवावे.

मध्येही बोल्ट असतील, तर चॅनेलला इतके वाकता येत नाही. मग तो बोल्टांना रेटतो. यात धड्याची दुसरी आणि अधिक मोठी उणीव उघडी पडते. पाठ्यपुस्तकातले प्रसरण नेहमी मोकळे असते, त्याला कोणी अडवत नाही. अडवले तर काय होते, याविषयी फार तर ‘रूळ वाकतात’ एवढे वाक्य येते.

जुन्या पुस्तकांत हे नव्हते असे नाही. एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रजी पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळांत ‘सळई मोडणारे उपकरण’ असे. जॉन टिंडल याचे नाव त्याला जोडले जाते. एक जाड लोखंडी सळई भक्कम चौकटीत ठेवलेली, तिच्या एका टोकाच्या भोकात बिडाची एक आडवी खुंटी, दुसऱ्या टोकाला आट्यांवर बसणारा नट. सळई तापवायची, ती लांबली की नट आवळायचा आणि मग निवांत थंड होऊ द्यायची. थोड्या वेळाने फाडकन आवाज होऊन खुंटीचे दोन तुकडे पडत. हा प्रयोग भोकातल्या खुंटीचाच आहे, म्हणजे आपल्या बोल्टाचाच. गोळा आणि कडे आजच्या पुस्तकांत टिकून राहिले, ही खुंटी मात्र बाहेर पडली. या दोघांतून एकच प्रयोग निवडायचा असता, तर मी खुंटी ठेवली असती.

याच बळाचा उपयोग पॅरिसमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला मोलार याने करून घेतला, ती हकिकतही जुन्या पुस्तकांत असे. तेथील कला व यंत्रविद्येच्या संग्रहालयाच्या एका दालनाच्या भिंती छताच्या भाराने बाहेर कलल्या होत्या. त्याने दोन्ही भिंतींना आरपार लोखंडी सळया घातल्या, बाहेरच्या बाजूंना पट्ट्या व नट लावले. एकाआड एक सळया दिव्यांनी तापवल्या, त्या लांबल्या, बाहेर सैल झालेले नट आवळले, आणि थंड होताना सळयांनी भिंती आत ओढल्या. मग राहिलेल्या सळयांची पाळी. असे पुन:पुन्हा करून भिंती उभ्या केल्या. आपल्याकडे लोहार लाकडी चाकावर धाव चढवतो तो याच कुळातला. तापलेल्या धावेचे ‘भोक’ मोठे होते म्हणून ती चाकावर चढते, हे पुस्तकात असते. पाणी ओतल्यावर तिला मूळ मापाला येऊ दिले जात नाही, म्हणून ती आरे आणि पुठ्ठे आवळून धरते, हे अधिक महत्त्वाचे वाक्य बहुधा ओझरते येते.

अडवलेल्या प्रसरणातून येणारे बळ किती? ते काढायला यंगचा गुणांक लागतो आणि तो अकरावीत येतो, असा आक्षेप घेतला जाईल. आक्षेप निम्मा खरा आहे. सूत्र अकरावीत शिकवा, पण आकडा आधीच सांगायला हरकत नाही. पोलाद पूर्णपणे अडवून धरले, तर दर अंशामागे दर चौरस मिलिमीटरवर सुमारे २.४ न्यूटन बळ येते. अॅल्युमिनियममध्ये सुमारे १.६ न्यूटन. आपल्या चॅनेलच्या छेदाचे क्षेत्रफळ ५०० चौरस मिलिमीटर धरा. शिल्लक राहिलेली ४ मि.मी. पूर्णपणे दाबून धरायची तर सुमारे तेवीस हजार न्यूटन, म्हणजे दोन टनांहून अधिक वजनाइतके बळ लागेल. १२ मि.मी.च्या साध्या बोल्टाला आडवे सोसायला हे जास्त आहे. प्रत्यक्षात तो एकदम तुटत नाही. चॅनेलचे भोक फाकते, बोल्ट किंचित कलतो, काँक्रीटची कड उडते. दिवसाला एकदा याप्रमाणे वर्षानुवर्षे हे चालू राहते आणि एका पावसाळ्यात फलक खडखडू लागतो.

“मग बोल्टच जाड घ्या,” असे कोणी तरी म्हणतेच. निवडीतली नेमकी चूक ही. फलकाचे वजन किंवा वाऱ्याचा रेटा बाहेरून येतो, जाड बोल्ट तो अधिक सोसतो. प्रसरणाचे बळ मात्र अडवण्यातूनच जन्माला येते. जितके घट्ट अडवाल तितके ते वाढते. जाड बोल्ट टिकेल, पण मग काँक्रीट फुटेल किंवा चॅनेल चुरमडेल. म्हणून बोल्टाची जाडी वजनावरून आणि वाऱ्यावरून ठरवावी, आणि प्रसरणाचा बंदोबस्त भोकाच्या आकाराने करावा. दोन वेगळ्या प्रश्नांना दोन वेगळी उत्तरे.

आणखी एक सूचना, कारण चांगल्या रीतीने पाडलेले स्लॉटही पुष्कळदा वाया जातात. बसवणारा माणूस सवयीने सगळे नट सारख्याच जोराने आवळतो. आवळलेल्या बोल्टाखाली पट्टी घर्षणाने जखडली जाते, मग भोक लांबट असले काय आणि गोल असले काय. सरकत्या जागी रुंद वॉशर, शक्य तर नायलॉनचा, नट हाताने बेताचा फिरवलेला, आणि तो सैल होऊ नये म्हणून वर दुसरा नट, अशी जोडी हवी.

बळाच्या सूत्राकडे पुन्हा एकदा पाहा. त्यात लांबी कोठेच नाही. प्रसरण लांबीवर अवलंबून असते. पूर्ण अडवलेल्या प्रसरणाचे बळ फक्त पदार्थ, छेद आणि तापमान यांवर. हे एकदा कळले की रुळांच्या फटीचे जे चित्र आपण अजून शिकवतो, त्याची अडचण लक्षात येते.

तेरा मीटर लांबीचा रूळ ४० अंशांत सुमारे सव्वासहा मिलिमीटर वाढतो, म्हणून दोन रुळांमध्ये फट ठेवत, हे खरेच होते. पण चित्रांत बहुधा फटच दिसते, बोल्ट दिसत नाहीत. दोन रुळांची टोके दोन्ही बाजूंनी फिशप्लेट नावाच्या पट्ट्या लावून बोल्टांनी जोडलेली असतात. भोके बोल्टाइतकीच घट्ट असती, तर फट कितीही ठेवली तरी रूळ सरकला नसता. फटीला अर्थ येतो तो बोल्टापेक्षा मोठ्या पाडलेल्या भोकांमुळे. चित्र काढणाऱ्याने नेमका उलगडा करणारा भाग गाळला, असे म्हणावे लागते.

दुसरी गोष्ट अशी, की आज प्रमुख मार्गांवर प्रवास करणाऱ्या मुलाला ही फट सहसा दिसतच नाही. आता रूळ एकमेकांना वितळजोडणी करून लांबच लांब अखंड केलेले असतात. मुलगा धड्यात फट वाचतो, रुळांकडे पाहतो, फट नसते. त्याने विचारले तर काय सांगायचे? ‘आता वेगळे पोलाद वापरतात’ असे उत्तर ऐकू येते, ते बरोबर नाही. पोलाद तसेच प्रसरण पावते. दर मीटरला ६० किलो वजनाच्या रुळाचा छेद जवळजवळ ७७ चौरस सेंटिमीटर असतो. जुळवणीच्या वेळच्या ताणमुक्त तापमानापेक्षा तो ३० अंशांनी तापला, तर त्याच्यात सुमारे साडेपाच लाख न्यूटन, म्हणजे ५५ टनांच्या आसपास दाब साठतो. रूळ एक किलोमीटरचा असो की दहा, दाब तेवढाच. लांबी वाढवून काही बिघडत नाही, ती याच कारणाने. हा दाब पोलादाला झेपतो. प्रश्न उरतो तो रूळ बाजूला वाकण्याचा. ते काम स्लीपरांना घट्ट धरणाऱ्या स्प्रिंगसारख्या क्लिपा, जड काँक्रीटचे स्लीपर आणि त्यांभोवती दाबून भरलेली खडी करतात. रुळांखालची खडी कशासाठी, या प्रश्नाचे हे एक उत्तर मुलांना बहुधा ठाऊक नसते. हालचाल होते ती फक्त दोन्ही टोकांकडच्या शंभरेक मीटरांत, आणि तेथे सरकते सांधे बसवलेले असतात. रूळ कोणत्या तापमानाला पक्के करायचे हे ठरवणे म्हणजे आपल्या स्लॉटमधल्या बोल्टाच्या जागेचाच प्रश्न, फक्त मोठ्या प्रमाणावर. फार थंडीत पक्के केले तर उन्हाळ्यात वाकण्याची भीती, फार उन्हात केले तर थंडीत ताणाने तुटण्याची.

म्हणजे प्रसरणाला वाट द्यायची, किंवा त्याचे बळ हिशेबात धरून अंगावर घ्यायचे, असे दोन मार्ग आहेत. धड्यात पहिलाच येतो.

आता बोल्टाच्या निवडीविषयी, कारण भोक कितीही चांगले पाडले तरी बोल्ट काँक्रीटमध्ये टिकायला हवा. काँक्रीट ओतण्यापूर्वीच आत ठेवलेला, खालून वाकवलेला फाउंडेशन बोल्ट सर्वांत भरवशाचा. पण त्याची जागा आधी ठरलेली असावी लागते. नंतर भोक पाडून बसवायचे ते अँकर फास्टनर. यांचा पूर्वज म्हणजे रावळ प्लग. लंडनच्या ब्रिटिश म्युझियमच्या भिंतींना इजा न करता विजेची उपकरणे बसवण्यासाठी जॉन रॉलिंग्ज याने १९१० च्या सुमारास तो काढला, आणि त्याच्याच नावाचा उच्चार आपल्या मिस्त्र्यांच्या तोंडी ‘रावळ’ झाला. १९५८ मध्ये जर्मनीत आर्टुर फिशर याने नायलॉनचा प्लग काढला. हे सर्व प्लग, तसेच लोखंडी फास्टनर, आत फाकून भोकाच्या भिंतीला रेटतात आणि त्या घर्षणावर टिकतात. म्हणून ते काठाजवळ किंवा ठिसूळ विटेत बसवले की वजन टांगण्यापूर्वीच कड उडवतात. कोकणातल्या जांभ्याच्या भिंतीतही त्यांचा भरवसा धरू नये. तेथे आरपार बोल्ट घालून मागे पट्टी देणे बरे.

वर ओढला जाणारा अँकर काँक्रीटमधून निसटला नाही, तर आपल्याबरोबर काँक्रीटचा एक शंकू उपटून आणतो. या शंकूचा पाया खोलीच्या साधारण तिप्पट रुंद असतो. अँकर १० सें.मी. खोल असेल तर ३० सें.मी. व्यासाचा. म्हणजे प्रत्येक बाजूला १५ सें.मी. अखंड काँक्रीट हवे. गच्चीच्या १२-१५ सें.मी. रुंदीच्या कठड्यावर ते मिळणार कोठून? खोली दुप्पट केली, तर पकड दुपटीहून अधिक, सुमारे २.८ पट होते, पण काठापासून लागणारे अंतरही दुप्पट होते. गिलाव्याची जाडी या खोलीत धरायची नाही, हे सांगायला नकोच. तरी धरली जाते.

तिसरा प्रकार राळेने चिकटवलेल्या बोल्टांचा. काठाजवळ तो बरा, कारण तो आत फाकत नाही. मात्र राळ तापली की मऊ पडते, आणि सतत ताण असेल तर हळूहळू सरकते. १० जुलै २००६ रोजी अमेरिकेत बॉस्टनमधील एका बोगद्याच्या छताचे काँक्रीटचे तावे मोटारीवर कोसळून एक स्त्री मृत्युमुखी पडली. तावे वर इपॉक्सीने चिकटवलेल्या बोल्टांवर टांगलेले होते. चौकशीत ठरले, की वापरलेला लवकर घट्ट होणारा इपॉक्सी कायमच्या ताणाखाली सरकत जाणारा होता. बसवल्यावर थोडा वेळ ओढून पाहिले तेव्हा बोल्ट टिकले होते. त्या चाचणीत काळ मोजलेला नव्हता. २ डिसेंबर २०१२ रोजी जपानमधील सासागो बोगद्यातही राळेने बसवलेल्या बोल्टांवरचे छत कोसळले आणि नऊ जण गेले. तो बोगदा १९७७ पासून वापरात होता. या दोन्ही घटना प्रसरणाच्या नाहीत. पण बोल्ट निवडताना तापमान आणि काळ हे दोन प्रश्न विचारलेच पाहिजेत, आणि डोक्यावर टांगायच्या वस्तूसाठी राळेचा बोल्ट जाणकाराला विचारल्याशिवाय वापरू नये.

एवढे सगळे धड्यात घाला, असे मी म्हणत नाही. तासिका मोजक्या असतात आणि शिक्षकांना अभ्यासक्रम संपवायचा असतो. तीन बदल मात्र जागा न वाढवता होण्यासारखे आहेत. कड्याच्या चित्राशेजारी दोन भोकांची पट्टी यावी. फटीच्या चित्रात बोल्टांची मोठी भोके दाखवावीत आणि अखंड रुळांबद्दल चार ओळी लिहाव्यात. लोंबकळणाऱ्या सळईच्या गणिताऐवजी एक तरी गणित बांधलेल्या सळईचे असावे, त्यात खालच्या काँक्रीटची वाढ वजा करायला लावावी.

तोपर्यंत शाळेच्या आवारातच धडा घेता येईल. सायकलींच्या छपराचे पत्रे हुक बोल्टांनी कसे बसवले आहेत ते मुलांना पाहू द्या: भोके बोल्टापेक्षा मोठी आहेत का, वॉशर रुंद आहे का, एखाद्या भोकाभोवती पत्रा फाटला आहे का. पत्रा पॉलिकार्बोनेटचा असेल तर आणखी चांगले, कारण त्याचा प्रसरणांक पोलादाच्या पाच-साडेपाच पट असतो. तीन मीटरचा ताव ४० अंशांत आठ मिलिमीटर वाढतो, आणि बोल्टाइतकेच भोक पाडून तो बसवला असेल तर तडे भोकांपासूनच निघालेले दिसतील. भिंतीवरून गेलेला प्लॅस्टिकचा पाण्याचा पाइप पाहा. दुपारी तो दोन क्लॅम्पांमध्ये नागमोडी झालेला असतो, सकाळी सरळ. सकाळी सात वाजता क्लॅम्पाच्या कडेशी पाइपवर पेन्सिलीने रेघ ओढून ठेवायची आणि दुपारी दोन वाजता ती कोठे गेली ते मोजायचे. क्लॅम्प घट्ट असेल तेथे रेघ हलणार नाही, सैल असेल तेथे हलेल. कोणता क्लॅम्प पक्का ठेवायला हवा होता, हे मुलांनीच ठरवावे.